लोड शेडिंग, पण विकतचं!

तुमचं घर किती वॅटचं आहे? गोंधळू नका, टूबीएचके की थ्रीबीएचके असं नाही विचारत. वॅट! फ्रिज किती खातो, मिक्सर किती, गीझर किती? नाही ना सांगता येत? कुणालाच येत नाही. बिल येतं, आपण भरतो, विषय संपला. मला मात्र आता रात्री दोन वाजता झोपेतून उठवून विचारलंत तरी मी सांगेन, की आमच्या विहिरीचा पंप सुरू होताना सहा हजार वॅटचा झटका देतो आणि मग दोन हजारांवर शांतपणे चालत राहतो. (आमच्या घरातल्या एका व्यक्तीचा स्वभावही डिट्टो असाच आहे. नाव नाही सांगत, तो हे वाचणार आहे.)

आता विहीर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कोकण आलं असेल, तर थांबा. ही विहीर टेक्सासमधली आहे. ऑस्टिन शहराच्या पश्चिमेला तासाभराच्या आत ड्रिपिंग स्प्रिंग्ज नावाचं टुमदार गाव लागतं. टेकड्या, हरणं, ओकची झाडं आणि आमच्यासारखे आयटीवाले. शहरात परवडेना म्हणून २०२२ मध्ये आम्ही इथे घर घेतलं. अंगण मोठं, आभाळ त्याहून मोठं. फक्त महानगरपालिकेचं पाणी नाही, नळाने येणारा गॅस नाही. पाणी बोअरचं आणि गॅस प्रोपेनचा. घरामागे पाणबुडीसारखी दिसणारी पांढरी टाकी आहे, ५०० गॅलनची. शेगडी, गरम पाणी, हिवाळ्यातली भट्टी, सगळं तिच्यावर. टँकरवाला वर्षातून दोन-तीनदा येऊन ती भरून जातो. गंमत म्हणजे ५०० गॅलनच्या टाकीत ४०० गॅलनच भरतात. उन्हाने द्रव फुगतो, त्याला जागा हवी म्हणून ऐंशी टक्क्यांची मर्यादा. पुण्यातल्या सिलिंडरच्या नंबरापेक्षा हे बरं, पण आईला अजूनही वाटतं की आम्ही पेट्रोल पंपाशेजारी राहतो.

हे सगळं पुराण सांगायचं कारण, गेल्या वर्षी आम्ही जनरेटर घेतला. घरासाठी. प्रोपेनवर चालणारा, अंगणात कायमचा बसवलेला. तो घेईपर्यंत घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी आमच्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती.

मी मूळची पुण्याची, सिंहगड रोडची. लाइट जाण्याचं मला काय कौतुक? गुरुवारी लाइट जाणारच, हे आम्ही वारांबरोबरच शिकलो. दहावीचा अर्धा अभ्यास मेणबत्तीवर. वर माझे बाबा वीज मंडळात! पस्तीस वर्षं नोकरी. मंडळाच्या २००५ मध्ये कंपन्या झाल्या, तरी बाबांच्या तोंडी शेवटपर्यंत 'बोर्ड'च. लोड शेडिंगच्या दिवसांत रात्री-अपरात्री घरचा फोन वाजायचा आणि पलीकडून कुणीतरी बाबांचा उद्धार करायचा. बाबा शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "साहेब, आमच्याकडेही गेलीय." ते खरंच असायचं. मग २००६ मध्ये ते गाजलेलं 'पुणे मॉडेल' आलं. कारखान्यांनी टंचाईच्या वेळी स्वतःचे जनरेटर चालवायचे, त्यातून मोकळी झालेली वीज शहराला द्यायची आणि जादा खर्च बिलातून वसूल करायचा. बाबा त्या काळात एकदम फॉर्मात होते. जेवताना वरण-भातासोबत मेगावॅट.

तर अशा घरात वाढलेली मुलगी अमेरिकेत आली आणि निवांत झाली. इथे कुठे लाइट जातात! मग फेब्रुवारी २०२१ उजाडला.

टेक्सासची ग्रिड ही स्वतंत्र संस्थानासारखी आहे. अमेरिकेत पूर्वेची एक मोठी ग्रिड, पश्चिमेची एक आणि बहुतेक टेक्सासची आपली वेगळी चूल. त्यामुळे अडचणीच्या वेळी शेजाऱ्याकडून फार वीज मागवता येत नाही. त्या फेब्रुवारीत ऑस्टिनचा पारा उणे १४ अंशांच्या आसपास उतरला. गॅसच्या विहिरी गोठल्या, गॅस मिळेना म्हणून वीज केंद्रं बसली आणि वीज गेली म्हणून गॅस ढकलणारी यंत्रं थांबली. १५ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीनंतर सक्तीचं लोड शेडिंग सुरू झालं. फ्रिक्वेन्सी इतकी घसरली होती की अख्खी ग्रिड कोसळायला ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती, असं नंतर जाहीर झालं. तशी कोसळली असती तर परत उभी करायला आठवडे लागले असते. ४५ लाखांहून अधिक घरं अंधारात गेली. सरकारी आकड्याप्रमाणे २४६ माणसं दगावली.

आम्ही तेव्हा ऑस्टिनमध्ये भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये होतो. तीन दिवस दोघं एका खोलीत, अंगावर होते नव्हते ते सगळे स्वेटर. बाबांना फोन केला तर पलीकडून आधी हसू आलं, मग त्यांनी विचारलं, "फ्रिक्वेन्सी किती सांगतायत?" असे आमचे बाबा.

त्याच वर्षी मे महिन्यात बाबांना कोरोना झाला. वाचले, पण फुप्फुसांवर व्रण राहिले. तेव्हापासून रात्री झोपताना ऑक्सिजन लागतो. पलंगाशेजारी कॉन्सन्ट्रेटर घुमत असतो. हवेतला नायट्रोजन बाजूला काढून ऑक्सिजन देणारं ते यंत्र. सिलिंडर नाही, म्हणजे संपायची भीती नाही. पण वीज हवी. सतत हवी.

आणि गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या हातात ती दोन रेघांची पट्टी आली! ड्यू डेट कधीची? जानेवारीची. टेक्सासात बर्फ, गोठलेला पाऊस आणि वीजगळतीचा हंगाम नेमका जानेवारी-फेब्रुवारी. बाळंतपणाला आई येणार, हे गृहीतच होतं. पण आई बाबांना एकटं टाकून येणार नाही, हेही तितकंच गृहीत. म्हणजे बाबांची सोय झाली तर आई येणार, नाहीतर नाही. हिशोब इतका सोपा.

बिग इज बेटर?

नवरोबांनी तत्परतेने तीन विक्रेत्यांना बोलावलं. पहिले आले ते काउबॉय हॅटवाले आजोबा. घराभोवती एक चक्कर मारली, एसीकडे बघितलं, गॅरेजमधल्या इलेक्ट्रिक गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, २६ किलोवॅट. होल हाउस! लाइट गेली तरी तुम्हाला कळणारसुद्धा नाही. किंमत बसवण्यासकट सतरा हजार डॉलर. नवरोबांचे डोळे चमकले. बॉस, या देशात ट्रक असो की कोकचा ग्लास, मोठंच घ्यायचं असतं.

दुसऱ्याने २२ किलोवॅट सांगितला. तिसरा बॅटरीवाला होता. भिंतीवर लावायची सुंदर, सडपातळ, पांढरी बॅटरी. ना आवाज, ना धूर. मला ती बघताक्षणी आवडली. शिवाय २०२५ संपेपर्यंत बॅटरीवर ३० टक्के टॅक्स क्रेडिट मिळत होतं, तेही खुणावत होतं. पण अशा एका बॅटरीत साधारण साडेतेरा युनिट मावतात. पंप, फ्रिज, भट्टीचा पंखा, कॉन्सन्ट्रेटर, दिवे... काटकसरीने एक दिवस. फेब्रुवारी २०२३ मध्ये गोठलेल्या पावसाने आमच्याकडची झाडं काडकाड मोडून तारांवर पडली होती तेव्हा ऑस्टिन भागात काही घरं आठवडाभर अंधारात होती. गच्चीवर सोलर असतं तर गोष्ट वेगळी. आमच्या छपरावर ओकची सावली आणि ओक तोडायला मी तयार नाही.

पेट्रोलचा छोटा जनरेटर? तो हजार डॉलरमध्ये येतो. पण पेट्रोल काही महिन्यांत खराब होतं, ते साठवायचं कुठे हा प्रश्न, आणि वीज गेली की पेट्रोल पंपही बंद. प्रोपेन मात्र टाकीत वर्षानुवर्षं जसाच्या तसा राहतो. टाकी तर आमच्या अंगणात आधीपासूनच. २०२१ मध्ये नळाच्या गॅसची जी गत झाली, ती बघता गॅस आपल्याच आवारात आहे ही भावना फार सुखाची.

हे सगळं मी व्हिडिओ कॉलवर बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच वाक्य म्हणाले, "माझ्यासाठी एवढा खर्च करायचा नाही. मी येत नाही."

झालं! आई मागे स्वयंपाकघरात भांडी आपटतेय, त्याचा आवाज पुण्याहून टेक्सासपर्यंत.

दोन दिवस कुणी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी नवरोबांनी एक सॉलिड डोकं लढवलं. त्यांनी बाबांना स्वतःहून फोन लावला आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही या किंवा नका येऊ, ते तुमचं आणि तुमच्या लेकीचं. पण हे लोक मला २६ किलोवॅट गळ्यात मारतायत. मला यातलं काही कळत नाही. तुम्ही बघता का जरा?" पलीकडे शांतता. मग, "सव्वीस? कारखाना काढताय का, जावईबापू?"

पुढचे पंधरा दिवस बाबा पुण्यातून आमचं घर मोजत होते. प्रत्येक यंत्रामागच्या पट्टीचा फोटो मागवला. फ्रिज, भट्टी, पंप, एसी. 'कनेक्टेड लोड नको, एका वेळी काय चालतं ते सांग,' हा धोशा. मग लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे (कागद वाया घालवायचा नाही) त्यांनी तीन रकाने आखून फोटो पाठवला. हवंच, हवंसं आणि हौस.

'हवंच'मध्ये पंप दोन हजार वॅट, भट्टीचा पंखा सहाशे, फ्रिज दोनशे, दिवे आणि इंटरनेट तीनशे. 'हवंसं'मध्ये मायक्रोवेव्ह दीड हजार आणि एसी साडेचार हजार. 'हौस'मध्ये कपड्यांचा ड्रायर, इलेक्ट्रिक ओव्हन आणि नवरोबांची गाडी. कॉन्सन्ट्रेटर कुठेच नव्हता. मी पेन घेऊन 'हवंच'च्या खाली ३५० लिहिलं, फोटो काढून परत पाठवला. निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आलं. त्यात एकूण बेरीज होती आणि बेरजेत ते ३५० धरलेले होते!

'हवंच' आणि 'हवंसं' मिळून साडेनऊ हजारांच्या आत. वर पंपाचा सुरुवातीचा झटका. एसीचा झटका तर त्याहून भयंकर, पण त्याला सॉफ्ट स्टार्टर नावाचं छोटं यंत्र बसवलं की तो सभ्यपणे सुरू होतो. एसी हौसेत का नाही, असं आईने विचारलं म्हणे. बाबांनी तिला जुलै २०२४ ची गोष्ट सांगितली. बेरिल वादळानंतर ह्यूस्टनमध्ये वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, तीही भर उकाड्यात. तिथे थंडी नाही, उष्णता जिवावर उठते. निकाल : १४ किलोवॅट पुरे. फक्त त्याला एक जादा यंत्र जोडायचं. जनरेटरवर भार वाढला की ते आपोआप एसी किंवा ड्रायर काही मिनिटांपुरता बंद करतं. त्या यंत्राला इथे काय म्हणतात माहितेय? लोड शेडिंग मॉड्यूल! अहो, ज्यासाठी पुण्यात आमच्या बापाने शिव्या खाल्ल्या, ते इथे पैसे मोजून विकत मिळतं. बाबा त्यावर जेवढे हसले, तेवढे कोरोनानंतर मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. हसता हसता धाप लागली, तरी हसत होते.

गॅस म्हणजे गॅस नव्हे

खरेदीच्या नादात काही गोष्टी शिकलो, त्या कुठल्याच ब्रोशरमध्ये ठळक नसतात. आपल्याकडच्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वाफ व्हायचं थांबतो. पुण्याला चालतं, इथल्या थंडीत नाही. म्हणून इथे जवळजवळ शुद्ध प्रोपेन, जो उणे ४२ अंशांपर्यंत वाफ होत राहतो. (आणि हो, भारतात घरगुती सिलिंडर जनरेटरला जोडायला परवानगी नाही. हा लेख वाचून कुणी प्रयोग करू नका, प्लीज.)

पण थंडीत वाफ होण्याचा वेग मंदावतो. टाकीत द्रव जितका कमी, तितकी वाफ कमी. म्हणजे लहान टाकी, तीही तळाला गेलेली आणि बाहेर कडाका, अशा वेळी मोठा जनरेटर धापा टाकणार. ५०० गॅलनची टाकी आमच्या कामाची आहे, पण ती जानेवारीत भरलेली हवी. हिशोब बघा. आमचा जनरेटर निम्म्या भारावर तासाला दीड ते दोन गॅलन पितो. टाकी भरलेली असेल तर आठवडाभराची निश्चिंती. अर्धीच असेल, तर जेमतेम चार दिवस, त्यातही भट्टी वाटा मागणार. आणि रस्त्यावर बर्फ असताना टँकर येत नाही. २६ किलोवॅटवाला घेतला असता तर तोच गॅस किती लवकर संपला असता, हे हॅटवाल्या आजोबांनी सांगितलं नव्हतं. मोठा जनरेटर कमी भारावर चालला तरी बरंच इंधन नुसतं फिरण्यात घालवतो.

गॅसची नळीही बदलावी लागली. भट्टीला पुरणारी नळी जनरेटरला पुरत नाही, त्याची तहान मोठी. टाकीशी एक रेग्युलेटर, जनरेटरशी दुसरा, मध्ये जमिनीखालून नवी पाइपलाइन. त्याचे वेगळे पैसे. कोटेशनमध्ये ही ओळ आहे का, ते आधी बघा. आमच्या दोन कोटेशनांत नव्हती.

आणि एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. प्रोपेन पेट्रोलपेक्षा स्वच्छ जळतो म्हणून त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत नाही, असं बरेच जण समजतात. निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. २०२१ च्या त्या आठवड्यात ह्यूस्टन परिसरात शेकडो लोकांना त्याची बाधा झाली. कुणी गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली, कुणी घरात कोळसा पेटवला, कुणी जनरेटर दाराशी लावला. पोर्टेबल जनरेटर घरापासून किमान २० फूट दूर ठेवायचा, धुराचं तोंड पलीकडे. आमचा कायमचा बसवलेला आहे, तरी खिडक्या-दारांपासून अंतर मोजूनच चौथरा घातला. शिवाय प्रत्येक बेडरूमबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. आणि जनरेटर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसून घराला वीज द्यायचा 'जुगाड' तर नकोच. ती वीज उलटी तारांवर जाते आणि वर खांबावर चढलेला माणूस मरतो. हे सांगताना बाबांचा आवाज वेगळा होतो. त्यांनी खांबावर चढणारी माणसं पाठवलेली आहेत.

आमच्याकडे त्यासाठी ऑटोमॅटिक ट्रान्सफर स्विच आहे. वीज गेली की तो आधी घराला बाहेरच्या तारांपासून तोडतो, मग जनरेटरला जोडतो. यात दहा-पंधरा सेकंद जातात. तेवढ्यात कॉन्सन्ट्रेटर बोंब मारतो. म्हणून पलंगाखाली एक छोटी बॅटरी ठेवलीय, दोन-अडीच तास पुरेल एवढी. कॉन्सन्ट्रेटरही इथलाच भाड्याने घेतला, कारण बाबांचा २३० व्होल्टवाला इथल्या १२० वर चालणार नाही. आणि सगळंच बसलं तर शेवटचा उपाय म्हणून ऑक्सिजनचं एक सिलिंडर. वीज कंपन्यांकडे अशा रुग्णांची नोंद करता येते, ती केलीच. पण नोंद म्हणजे वीज जाणार नाही अशी हमी नव्हे.

सगळं मिळून साडेअकरा हजार डॉलर झाले. या पैशांत किचन नवं झालं असतं. मनाली, केरळ, युरोप... जाऊ दे. बाबांना आम्ही आकडा थोडा कमी सांगितलाय. हेही तो वाचणारच असेल तर वाचो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोघं आले. जेट लॅगमध्ये बाबा पहाटे चारला उठले आणि टॉर्च घेऊन अंगणात. थंडी, नाकात नळी नाही, आई मागून शाल घेऊन धावतेय. त्यांनी जनरेटरचं झाकण उघडायला लावलं, ऑइलची काडी बघितली, टाकीचा काटा बघितला. सत्तर टक्के. "ऐंशी करून घ्या," एवढंच म्हणाले. दर मंगळवारी सकाळी जनरेटर आपणहून काही मिनिटं सुरू होतो, स्वतःची तब्येत तपासायला. बाबा चहाचा कप घेऊन शेजारी उभे राहतात. आवाज ऐकून सांगतात, ठीक आहे.

लेक आली तेव्हा लाइट होते. पाच दिवसांनी रात्री अडीचला गेले. काही वादळ नाही, बर्फ नाही, असेच गेले, अगदी पुण्यासारखे. मी तिला पाजत बसले होते. अंधार झाला, खालच्या खोलीतून कॉन्सन्ट्रेटरची घरघर मात्र थांबली नाही, पलंगाखालच्या बॅटरीवर चालूच राहिली. मी मनात आकडे मोजायला लागले. अकराला बाहेर जनरेटर खोकला, चौदाला दिवे आले. चाळीस मिनिटांनी तो थांबला आणि तारांवरची वीज परत आली. खाली जाऊन बघितलं तर आई जागी, नवरोबा जिन्यात उभा, टॉर्च हातात. बाबा गाढ झोपेत.

सकाळी त्यांना सांगितलं, तर जाम वैतागले. "मला उठवलं का नाहीत? लोड किती घेत होता ते बघायचं होतं!"

सध्या ते नव्या पाकिटामागे बॅटरी आणि सोलरचा हिशोब मांडतायत. ओकच्या दोन फांद्या छाटल्या तर किती ऊन मिळेल, यावर आमचं भांडण चालू आहे.